पाच पाठींची सॅक

आमच्या घरात सॅक एक होती आणि पाठी पाच.

ताई म्हणजे काकांची मुलगी, सगळ्यांत मोठी. मग दादा, मग डोंबिवलीचा आत्तेभाऊ, मग मी, आणि शेवटी आमचा धाकटा. सदाशिव पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या आमच्या, दोन काकांच्या, आणि सॅक सगळ्यांची. ती कुणी हट्ट करून मागितली नव्हती. १९७४ सालच्या एका रविवारी काका जुन्या बाजारात सायकलची सीट बघायला गेले आणि सॅक घेऊन आले. जुना बाजार म्हणजे बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरतो तो. गंजलेल्या किल्ल्यांचे जुडगे, पितळी नळ, ग्रामोफोनचे भोंगे, आणि त्यातच एका ताडपत्रीवर मांडलेला मिलिटरी डिस्पोजलचा माल. काकांनी १८ रुपये मोजले. सीट राहिली ती राहिलीच. पुढची दोन वर्षं ते फाटक्या सीटवर घडी घातलेला पंचा टाकून खडकीला नोकरीवर जात होते.

“१८ रुपयांत काय काय आलं असतं,” असं काकू म्हणाली. काय आलं असतं ते मात्र तिने सांगितलं नाही.

मी पानशेतच्या पुराच्या वर्षातली, म्हणजे तेव्हा १३ वर्षांची. सॅक पहिल्यांदा ओसरीवर ठेवली तेव्हा ती आपली आपण उभी राहिली, हे मला अजून आठवतं. कॅनव्हास इतका जाड होता. रंग शेवाळ आणि वाळलेली मेंदी यांच्या मधला. पट्टे नवारीचे, पितळी बक्कलं, वर झडप, आणि झडपेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात कुणा जवानाचा नंबर. तो नंबर आम्हां पाचही जणांना पाठ होता. आत्तेभावाने पुढे एकदा लॉटरीचं तिकीट घेतलं ते त्याच आकड्यांवर संपणारं, लागलं नाही. रिकामी सॅक आम्ही वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहिली होती. पावणेदोन किलो. आत काहीही न भरता.

आजी तिला शेवटपर्यंत पडशीच म्हणाली.

आमची अर्धीअधिक पिढी गोनीदांचं वाचून गडांवर गेली. आमच्या घरात त्याला काकांची भर होती. ते स्वतः फारसे हिंडले नाहीत, पण आम्हाला हाकलायचे. रविवारी सिंहगड ठरलेला. आतकरवाडीतून वर, देवटाक्याचं पाणी, मडक्यातलं दही, आणि दुपारच्या आत घरी. सिंहगडाला सॅक लागत नसे. खांद्याला शबनम अडकवली की काम भागायचं. सॅक मुक्कामाच्या वाऱ्यांसाठी, आणि त्या वाऱ्यांचा हिशेब स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर असायचा. तारखेच्या चौकोनात दुधाचे खाडे, गॅसच्या सिलिंडरचा नंबर आणि शेजारी ‘सॅक – दादा’, ‘सॅक – ताई’. खाडाखोड सापडली की भांडण.

ज्याची पाळी नसेल त्याने काय करायचं? रेशनच्या पिशवीचे दोन बंद दोन खांद्यांतून घालायचे. शाळेचं दप्तर रिकामं करायचं. धाकट्याने एकदा चादरीचं गाठोडं पाठीला बांधून राजमाची केली होती. लोणावळ्याच्या फलाटावर एका बाईंनी त्याला विचारलं, बाळ, घरातून पळून चाललायस का?

आत्तेभाऊ डोंबिवलीला, त्यामुळे त्याच्या पाळीला सॅकचा आधी स्वतंत्र प्रवास व्हायचा. काकांचे एक स्नेही सिंहगड एक्स्प्रेसचे पासवाले. शुक्रवारी पहाटे काका पुणे स्टेशनवर जाऊन त्यांच्या हवाली सॅक करणार, ते कल्याणला खिडकीतून ती खाली देणार, आणि आत्तेभाऊ ती उचलून घरी. शनिवारी रात्री ती कल्याण-माळशेजच्या एसटीत. खुबी फाट्याला उतरून खिरेश्वर, टोलारखिंड आणि वर हरिश्चंद्रगड. म्हणजे सॅक सिंहगडने निघून हरिश्चंद्रगडाला पोचायची. हा विनोद काकांचा, आणि त्यांनी तो निदान वीस वेळा केला.

भरायची कशी, हे कुणी शिकवलं नाही. तळाशी गोधडी, कारण ती मऊ. मग कपडे, मग दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा. काड्यापेटी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत. आणि सगळ्यांत बाहेरच्या बाजूला, पाठीपासून जितका लांब जाईल तितका लांब, पितळी स्टोव्ह, कारण तो पाठीला टोचतो. जड वस्तू पाठीला चिकटून आणि साधारण पाठीच्या मध्यावर हवी, हे मला कळायला पुढची वीस वर्षं लागली. स्टोव्ह बाहेर ठेवला की प्रत्येक पावलागणिक तो तुम्हाला मागे ओढणार. शिवाय तो गळायचा. पोह्यांना रॉकेलचा वास, टॉवेलला रॉकेलचा वास, आणि सॅकला तर कायमचाच. काकूने ती सोड्याने धुतली, रिठ्याने धुतली, दोन दिवस उन्हात उलटी टांगली. मग तिने जाहीर केलं की हा वास आता आपल्या घराण्याबरोबरच जाणार.

टिकण्याच्या बाबतीत मात्र त्या सॅकला तोड नव्हती. आमच्या घरात वस्तूची परीक्षा तेवढ्या एकाच प्रश्नात व्हायची: टिकेल का? बुटांची, छत्रीची, जावयाचीसुद्धा. बसतं का, झेपतं का, टोचतं का, हे प्रश्न कुणाला पडतच नसत. पडले तरी विचारायचे कुणाला? बूट मोठे असतील तर पुढे कापूस घालायचा. सॅक टोचत असेल तर खांद्यावर टॉवेल घ्यायचा. काकूने तर जुन्या गोधडीच्या पट्ट्या कापून नवारीच्या पट्ट्यांना खालून शिवून दिल्या होत्या. खांदे सोलवटणं थांबलं. पण मूळ दुखणं खांद्यांचं नव्हतंच.

ते दुखणं असं. सॅक पाठीवर घेतली की तिचा तळ माझ्या कमरेच्या खाली, थेट बसायच्या जागेवर यायचा. चालताना ढुंगणावर आपटायची. पट्टे आवळून वर घ्यावी तर वरची झडप डोक्याच्या मागे येणार, मग मान वर करून कडा बघायची सोय नाही. पट्टे सैल सोडावेत तर सगळं ओझं मागे लोंबणार आणि ते सावरायला मी पुढे वाकून, पावलांकडे बघत चालणार. ताईचंही तेच. दादा कुरकुरायचा नाही, पण परत आल्यावर दोन दिवस कंबर धरून चालायचा. आत्तेभाऊ म्हणायचा, सैनिकांची सॅक आहे, सैनिकासारखं शरीर कमवा. एकटा धाकटा म्हणायचा, “मला तर काही टोचत नाही.” आम्ही त्याला खोटारडा ठरवून टाकलं होतं. एक तर त्याला डोंगराचाच कंटाळा. उभ्या आयुष्यात तो सात-आठ वेळा आला असेल, तोही काकांच्या धाकाने.

१९७९ च्या डिसेंबरात आम्ही वेल्ह्यातून तोरणा चढत होतो. सॅक माझ्या पाठीवर. बिनी दरवाज्याच्या अलीकडे सोंडेवर मी दम खात उभी होते, तर मागून ताकाची घागर डोक्यावर घेतलेली एक बाई आली. साठीची असेल. अनवाणी, चुंबळीवर घागर, एक हातही वर धरलेला नाही. थांबली, मला पुढून-मागून पाहिलं आणि म्हणाली, “आगं पोरी, वझं मागं लोंबतंय, म्हून वडतंय तुला.” मग घागर दगडावर टेकवली, माझे दोन्ही पट्टे वर ओढून सॅक चार बोटं उचलली, आणि कमरेला खोचलेल्या सुंभाचा हातभर तुकडा काढून छातीवर दोन पट्टे एकमेकांना बांधून टाकले. गाठ एकदा हिसडून पाहिली. “आता चाल.” घागर उचलली आणि आमच्या पुढे निघूनही गेली. वर मेंगाईच्या देवळापाशी ती ताक विकत होती. आमच्याकडून तिने पैसे घेतले, तेही रोजच्याच भावाने.

तो सुंभाचा तुकडा मी किती तरी वर्षं जपून ठेवला. सॅक डुलायची थांबली होती, पट्टे खांद्यांवरून घसरायचे थांबले होते. आज चांगल्या सॅकला छातीवर जी आडवी पट्टी असते, खालीवर सरकणारी, बकलात शिट्टी बसवलेली, ती मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती बाई आठवली.

१९८१ मध्ये ताई यूथ हॉस्टेलच्या ट्रेकला हिमालयात गेली. तिला स्वतःची सॅक मिळणार, म्हणून आम्ही सगळे तिच्यावर जळत होतो. तिला बेस कँपवर त्यांच्याकडची वापरलेली सॅक मिळाली. परत आल्यावर म्हणाली, “ती पण दुसऱ्याच्याच पाठीची होती.”

मग राजगड. १९८३ चा पावसाळा, गुंजवण्यातून चोर दरवाज्याच्या वाटेने, पाठीवर घेणारा आत्तेभाऊ. कारवीच्या दाटीतून वर निघून तो जरा उघड्यावर आला आणि डाव्या खांद्याचा पट्टा वरच्या बाजूने सुटला. फाटला असं वाटलं. सॅक एका खांद्यावर लोंबकळली, त्याचा तोल जाईल म्हणून दादा ओरडला, “सोड!” आणि त्याने सोडली. ती कारवीत गडगडत गेली. तिला शोधून वर आणायला दोन तास गेले. कारवी मात्र मोडली नव्हती, तीच सॅकला धरून बसली होती. स्टोव्ह चेपला. डब्याचं झाकण मिळालं नाही. पुऱ्या कुणी खाल्ल्या देव जाणे.

घरी आल्यावर काकांनी चष्मा लावून, दिव्याखाली धरून शवविच्छेदन केलं. कॅनव्हासला काही झालं नव्हतं. नवारीला काही झालं नव्हतं. गेला होता तो दोरा. सुती दोरा, नऊ पावसाळे भिजून कुजलेला. नखाने ओढला तर राख व्हावी तसा तुटत होता. दुसऱ्या दिवशी काका सॅक घेऊन नाना पेठेत रिक्षांचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडे गेले. मला बरोबर घेऊन गेले, कारण मी कॉलेज बुडवायला तयार होते. त्या माणसाने जुने टाके सगळे उसवले. आतून चामड्याचा तळहाताएवढा तुकडा लावला, त्यावर नवार, आणि जाड नायलॉनच्या दोऱ्याने आधी चौकोन शिवला, मग चौकोनाच्या आत फुली. पट्ट्यांच्या चारही टोकांना तसंच. शेवटी सॅकमध्ये दुकानातली दोन लोखंडी वजनं टाकून ती एका पट्ट्याने खुंटीला टांगली आणि आम्हाला म्हणाला, चहा पिऊन या. चहा पिऊन आलो, सॅक टांगलेलीच होती. ७ रुपये घेतले.

सॅक विकत घेताना मी आजही आधी ती आतून उलटी करते, ते त्या खुंटीमुळे. दुकानातल्या मुलांना हे आवडत नाही. बाहेरून सगळ्याच सॅका देखण्या असतात. आत हात घालून पट्टे जिथे मूळ कापडाला मिळतात ती जागा चाचपायची. तिथे नागमोडी टाक्यांची दाट, उठावदार रेघ हवी. हल्ली त्याला बारटॅक म्हणतात. शिवणींच्या कडांना गोट लावलेला हवा, सुटे धागे लोंबत असतील तर सॅक तिथूनच उसवणार. वरचा छोटा हातबंद, ज्याला धरून आपण सॅक एसटीच्या टपावर फेकतो, तोही तसाच पक्का हवा, कारण सगळ्यांत जास्त हाल त्याचेच होतात. मग चेन. धातूच्या दातांची चेन पावसात गंजते. नायलॉनच्या गुंडाळीची मऊ चेन बरी; ती मध्येच उघडली तरी रनर मागेपुढे केला की बहुधा पुन्हा मिटते, आणि रनर झिजलाच तर कुठल्याही बॅग दुरुस्तीवाल्याकडे थोडक्यात बदलून मिळतो. सॅक टाकून देणाऱ्या कितीतरी लोकांचा खरं तर रनरच गेलेला असतो.

कापडाचं लोक फार बोलतात. डेनियर म्हणजे ९००० मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन. ४२० डेनियरचा दोरा ९००० मीटर घेतला तर ४२० ग्रॅम भरेल. आकडा मोठा तेवढं कापड जाड, एवढंच. एका दिवसाच्या सॅकला २१० ते ४२० मधलं नायलॉन पुष्कळ झालं, तळाला थोडं जाड असलं की पुरे. आमच्या कॅनव्हासची गंमत वेगळी होती. पाऊस लागला की सुती धागे फुगायचे, वीण आवळायची आणि पाणी बऱ्यापैकी अडायचं. पण फुगलेल्या धाग्यांतलं सगळं पाणी आपल्यालाच वाहायचं. भिजलेली ती सॅक उचलताना दादा गणपतीला उचलतात तसं ‘मोरया’ म्हणायचा.

नायलॉनचीही एक खोड आहे. माझी स्वतःची पहिली सॅक मी १९९६ मध्ये घेतली, ३५ व्या वर्षी, स्वतःच्या पगारातून. निळी, आतून पाणी अडवणारा चकचकीत मुलामा दिलेली. नऊ-दहा वर्षं इमानाने वागली. मग दोन पावसाळे मी ती माळ्यावर तशीच दमट ठेवली, आणि काढली तेव्हा आतला मुलामा कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून यायला लागला होता. आंबूस वास, हाताला चिकट. चूक माझी. दमट हवेत तो मुलामा कुजतो. सॅक कोरडी करून, चेन उघडी टाकून, हवेशीर टांगायची असते. सह्याद्रीतल्या पावसात मुलाम्यावर भिस्त ठेवूही नये. रेनकव्हर वारा उडवून नेतो, आणि नेलं नाही तरी पाठीवरून ओघळणारं पाणी मागच्या बाजूने आत शिरतंच. आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी, तोंड पिळून दुमडलेली. दुधाच्या पिशवीतली काड्यापेटी कधी भिजली नाही.

ती निळी सॅक घेतली तेव्हा दुकानातल्या माणसाने मला एक विचित्र प्रश्न विचारला होता. उंची विचारली नाही, पाठीची लांबी विचारली. मला माहीत नव्हती. ब्लाउजसाठी शिंप्याने घेतलेली मापं माहीत होती, पण त्यांत हे माप नसतं. त्याने मला मान खाली घालायला लावली, मानेच्या मुळाशी जे हाड टोकासारखं वर येतं तिथे टेप धरली आणि कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत खाली आणली. १६ इंच. त्या मापाची सॅक चढवून, पट्टे आवळून, मी दुकानातच इकडून तिकडे दहा पावलं टाकली. खांद्यांवर ओझं होतं, पण ते मला कुठे ओढत नव्हतं. दुकानात रडायचं कसं, म्हणून मी किंमत कमी करा असं म्हणाले.

हे सगळं पुन्हा वर आलं ते गेल्या दिवाळीत. दादाची नात १५ वर्षांची, मैत्रिणींबरोबर कळसूबाईला जाणार होती. बारीतून वर, शिड्या, १६४६ मीटर, संध्याकाळपर्यंत खाली. तिला सॅक घ्यायची होती. भाऊबीजेला सगळे जमलेले, त्यामुळे मतांना तोटा नव्हता. दादा म्हणाला, मोठी घे, वाढत्या अंगाची. आत्तेभाऊ म्हणाला, लष्करी हिरवी घे, मळत नाही. ताई म्हणाली, तिला विचारा की. पोर शांतपणे म्हणाली, “मला फक्त ती नीट बसायला हवीय.”

मी आत गेले आणि उषा शिलाई मशीनच्या खणातून आईची टेप घेऊन आले. आईला जाऊन बारा वर्षं झाली, टेप तशीच आहे. पितळी टोकाची, पहिले दोन इंच झिजून पुसलेले, ते मोजून ओळखायचे. पोरीची पाठ १५ इंच भरली. मग ताई म्हणाली, माझी घे. १६. मग चढाओढच लागली. दादा चांगला पाच फूट दहा, पण पाठ निघाली १८. सगळी उंची पायांत. आत्तेभाऊ त्याच्यापेक्षा चार बोटं बुटका, पाठ मात्र साडेअठरा. धाकटा सोफ्यावरून उठायला तयार नव्हता. त्याला ओढून उभा केला. मध्यम उंचीचा माणूस, पाय आखूड, पाठ २१ इंच.

काका नाहीत, पण सॅक आहे. ताईच्या घरातून ती मागवून घेतली, तळापासून पट्ट्यांच्या वरच्या टाक्यांपर्यंत टेप लावली. २१ इंच.

मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग दादाच म्हणाला, “म्हणजे हा खरं बोलत होता.” धाकटा पुन्हा सोफ्यावर जाऊन बसला आणि त्याने चकली घेतली. ४५ वर्षं खोटारडा ठरलेल्या माणसाने त्याहून जास्त काही करायची गरजही नव्हती. त्या जुन्या बाजारातून, कुठल्याशा छावणीतून आलेली ती सॅक आमच्या घरातल्या बरोबर एका पाठीसाठी शिवलेली होती, आणि त्या पाठीला डोंगराचा कंटाळा होता.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन दुकानात गेले. जाताना घरून तीन लिटर पाण्याच्या बाटल्या आणि दोन किलो तांदळाची पिशवी नेली. रिकामी सॅक प्रत्येकाच्या पाठीवर छानच बसते. पाच किलो भरलं की ती खरं बोलायला लागते. २५ लिटरच्या तीन घालून पाहिल्या. पहिलीचे पट्टे खांद्यावर चिकटत नव्हते, मध्ये बोट जाईल एवढी फट. दुसरीची पाठ जाळीची, ताणलेली, हवेशीर म्हणून दुकानदार तिचं फार कौतुक करत होता. पण अशी जाळी ओझं पाठीपासून दूर ढकलते. सपाट रस्त्याला ठीक, शिडीवर नको. घाम सह्याद्रीत तसाही येतोच. तिसरीचा तळ कमरेच्या खळीत आला, छातीची पट्टी जागेवर, मान वर करून तिने छताचा पंखा पाहिला आणि डोकं कुठे आपटलं नाही. कमरेचा पट्टा बारीक होता. एवढ्याशा सॅकला तो ओझं उचलायला नसतोच, डुलणं थांबवायला असतो. मी तो चालवून घेतला. मग तिला दुकानाच्या जिन्यावरून दोन मजले चढवून-उतरवून आणली. दुकानदाराने विचारलं, “आजी, तुम्ही शिक्षिका का?”

तिने आरशात पाहिलंच नाही, हे मला फार आवडलं. आतून उलटी मात्र मी केली. टाके चांगले होते.

तेव्हा सॅक घ्यायला निघाल तर रंग घरी ठरवून जा, म्हणजे दुकानातला वेळ पाठीसाठी उरेल. टेप घरची न्या. तांदूळही.

जुनी सॅक ताईकडे परत गेली. तिच्या मागच्या गॅलरीत ती खिळ्याला टांगलेली असते, नाना पेठेतल्या त्याच पट्ट्याने, आणि तिच्यात कांदे असतात. कॅनव्हासमधून हवा खेळते, त्यामुळे कांदे पावसाळ्यातही बरे टिकतात. रॉकेलचा वास अजून आहे. तो कांद्यांना लागत नाही, असं ताई म्हणते.